वाचक विचारतात : खुनी कुठे लपवू, प्रेम कसं दाखवू?

गेल्या महिन्यात संपादकांनी सांगितलं होतं की रहस्यकथा आणि प्रेमकथा, दोन्ही लिहिणाऱ्या लेखिकेला काय विचारायचं ते विचारा, आणि इतकी पत्रं नि मेल आले की सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही. म्हणून ज्या जागी मी स्वतः अडकलेय, कधी रडलेपण आहे, आणि शेवटी वाट सापडलीय, तेवढेच प्रश्न घेतलेत.

प्रश्न : ताई, रहस्यकादंबरी लिहितोय. सहा प्रकरणं झाली, पाच संशयित आहेत, पण खुनी कोण ते मलाच माहीत नाही. लिहिता लिहिता सापडेल का? (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, नागपूर)

अरे सापडेल, पण मग ती सहाच्या सहा प्रकरणं पुन्हा लिहावी लागतील, तेवढी तयारी ठेव. रहस्यकथेत दोन गोष्टी असतात, एक घडून गेलेली आणि दुसरी ती शोधून काढण्याची. वाचक दुसरी वाचतो पण तुला पहिली पाठ पाहिजे. मी वेगळी वही करते आणि त्यात खुन्याचा अख्खा दिवस लिहून काढते, किती वाजता उठला, दूध कुणी घेतलं, कुणाशी काय खोटं बोलला, कुठल्या क्षणी घाबरला. यातलं एक वाक्यही कादंबरीत येत नाही, पण ती वही नसेल तर माझे संशयित नुसते चहा पीत बसतात.

मग पुरावा कसा लपवायचा? माझं उत्तर एकच आहे, वाचकाच्या डोळ्यांसमोर ठेवून. समजा वाईच्या एका वाड्यात आजोबा सकाळी मेलेले सापडले. तू लिहितोस, उशाशी तांब्या होता, चष्मा होता, तपकिरीची डबी, पंचांग, कानाचं मशीन आणि अर्धी जळलेली उदबत्ती. आणि लगेच पुढच्या ओळीत सून किंचाळते. वाचक सुनेकडे धावतो. नव्वद पानांनंतर पुतण्या सहज म्हणतो, रात्री कडी वाजली तशी आजोबांनी आतूनच हाक मारली, कोण आहे म्हणून. मशीन तर उशाशी होतं! ज्याला आठवलं त्याला काय आनंद होतो, आणि ज्याला नाही आठवलं तो मागची पानं चाळतो आणि म्हणतो अरेच्चा, सांगितलं तर होतं. हे 'सांगितलं तर होतं' वाचकाच्या तोंडून निघालं पाहिजे, माझ्यासाठी सगळी रहस्यकथा त्या तीन शब्दांत आहे.

इंग्लंडमध्ये १९२६ साली ॲगाथा ख्रिस्तीची 'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड' आली तेव्हा भांडण याच्यावरच झालं, की बाईंनी वाचकाला फसवलं की नाही. शेवट मी इथे फोडणार नाही, पण ती दोनदा वाच, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. खोटं वाक्य सापडत नाही. तीनच वर्षांनी, १९२९ मध्ये, रोनाल्ड नॉक्स नावाच्या पाद्र्याने (तो स्वतः रहस्यकथा लिहायचा) दहा नियम काढले, त्यातला एक असा की डिटेक्टिव्हला जे सापडेल ते लगेच वाचकालाही दाखवलंच पाहिजे. बाकीचे नऊ तू विसरलास तरी चालेल.

प्रश्न : माझ्या कथेत एक निनावी पत्र येतं. लिहिणारी बाई आहे हे शेवटपर्यंत कळू द्यायचं नाहीये, पण मराठीत 'मी आले' म्हटलं की लगेच फुटतं. काय करू? (शिक्षिका, मिरज)

हा प्रश्न वाचून मी खुर्चीतून उठलेच, कारण इंग्रजीत लिहिणाऱ्याला हा त्रासच नसतो आणि आपल्याला प्रत्येक वाक्यात असतो. माझी एक कथा याच्यावरून चार महिने पडून होती.

पण मराठीच वाटही देते. 'मी पाहिलं, मी ऐकलं, मी दार उघडलं, मी सगळं लिहून ठेवलंय' यात बाई की पुरुष, काही कळत नाही, कारण क्रियापद कर्माबरोबर चालतं. 'मी येईन, मी सांगेन, मी सोडणार नाही' यातही कळत नाही. 'मला दिसलं, माझ्याकडे पुरावा आहे, माझा तुमच्यावर विश्वास नाही', हे पण सुरक्षित. टाळायचं ते 'मी गेले, मी बसले, मी बघते, मी सांगत होते'. आणि काही क्रियापदं दगा देतात, 'मी बोलले', 'मी विसरले', 'मी शिकले', कर्म समोर असूनही इथे बाई दिसतेच, म्हणजे 'मी विसरले नाही' ऐवजी 'माझ्या लक्षात आहे' लिहायचं. पत्र असं लिहून झालं की मोठ्याने वाचा, कृत्रिम वाटलं तर लांबी कमी करा, निनावी पत्र तीन-चार ओळींचंच बरं.

आता तुम्ही मिरजेच्या, तर तुमच्या हातात अजून एक गोष्ट आहे जी पुण्यातल्या लेखकाला सुचणार नाही. तुमच्या सांगली-कोल्हापूर भागात कितीतरी बायका, मुली बोलताना 'मी आलो', 'मी जातो' असंच म्हणतात. समजा पत्रात सरळ लिहिलंय 'मी त्या रात्री आलो होतो', आणि तपास करणारा इन्स्पेक्टर बाहेरचा, तो दीडशे पानं पुरुष शोधत बसतो. फक्त एक करा, तिसऱ्या प्रकरणात तीच बाई स्वयंपाकघरातून सहज म्हणू दे, 'बसा, चहा ठेवतो.' सगळ्यांना ऐकू जाऊ दे. म्हणजे पुन्हा तेच, सांगितलं तर होतं.

प्रश्न : प्रेमकथेचा शेवट सगळ्यांना आधीच माहीत असतो, मग लोक वाचतील कशाला? (गृहिणी, रत्नागिरी)

रहस्यकथेतही खुनी सापडणार हे माहीतच असतं की हो. वाचक शेवटासाठी येतच नाही, तो 'अजून का नाही' यासाठी येतो. दोघं एकत्र का येत नाहीयेत? आपल्याकडे लगेच जात, पत्रिका, घरचा विरोध, नाहीतर परदेशातली नोकरी आणतात. हे सगळं खरं आहे, घराघरात घडतं, पण बाहेरची अडचण बाहेरूनच सुटते, वडील मान्य झाले की गोष्ट संपली. आतली अडचण पाहिजे. तिला वाटतंय की मी गेले तर आईचं कोण बघणार, आणि खोलवर तिला हेपण वाटतंय की आईच्या नावाखाली मी घाबरतेय. हे तिला स्वतःशी कबूल करायला दोनशे पानं लागू देत.

जेन ऑस्टिनची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' १८१३ ची आहे. ६१ प्रकरणं. डार्सी पहिली मागणी ३४व्या प्रकरणात घालतो, म्हणजे जेमतेम अर्ध्यावर, आणि एलिझाबेथ फटकन नाही म्हणते. पुढच्याच प्रकरणात तो तिला एक लांबलचक पत्र देतो. मला विचाराल तर ते पत्र म्हणजे रहस्यकथेतला पुरावाच आहे. त्यात नवीन फारसं काही घडत नाही, घडून गेलेलंच दुसऱ्या बाजूने दिसतं, आणि एलिझाबेथ ते पुन्हा पुन्हा वाचते, डार्सीबद्दल वाईट सांगणारा विकहॅम काय बोलला, कधी बोलला, पहिल्याच भेटीत परक्या मुलीला इतकं कसं सांगितलं, एकेक आठवून तपासते, आणि तिला कळतं की सगळं समोर होतं आणि मीच चुकीचं वाचलं. ते 'सांगितलं तर होतं' इथेही आहेच! फरक इतकाच की रहस्यकथेत दुसऱ्याचा गुन्हा सापडतो आणि इथे तिला स्वतःची चूक सापडते. म्हणूनच मी दोन्ही लिहू शकते, मला ती दोन कामं वाटतच नाहीत.

प्रश्न : 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' हे वाक्य लिहिलं की माझे नायक-नायिका नाटकातले वाटायला लागतात. 'आय लव्ह यू' लिहू का? (बँक कर्मचारी, ठाणे)

कॉलेजातली मुलं असतील तर बिनधास्त लिहा, ती तसंच म्हणतात. पण चाळिशीतली, पन्नाशीतली माणसं असतील तर ती म्हणतात 'पोचल्यावर फोन कर', 'जेवलीस का', 'ती निळी साडी नेसत नाहीस आजकाल'. हे वाक्य योग्य जागी आलं की दुसऱ्या कशाची गरज पडत नाही.

आणि आपल्याकडे 'तुम्ही'चं 'तू' होणं आहे, केवढं मोठं हत्यार आहे ते! ऑफिसातले दोघं, दीडशे पानं अहो-जाहो. एक दिवस पावसात लोकल बंद, दोघं दादरला अडकलेत, आणि तो म्हणतो, 'तुम्ही छत्री घ्या, तू भिजशील.' एकाच वाक्यात दोन्ही. त्याच्या लक्षात येत नाही, तिच्या येतं. ती काही बोलत नाही, छत्री घेते. यापुढे प्रकरण संपवा, तिच्या मनात काय आलं ते अजिबात सांगू नका. दुसऱ्या दिवशी ऑफिसात तो पुन्हा 'तुम्ही' म्हणतो आणि तिला जे वाटतं त्यावर तुमची पुढची साठ पानं चालतील. मात्र यासाठी आधीची दीडशे पानं एकदाही चुकून 'तू' येता कामा नये, त्यामुळे प्रूफ स्वतः वाचा.

प्रश्न : रहस्यकथेत लव्हस्टोरी घालू नये असं मित्र म्हणतो. खरं आहे का? (वाचक, छत्रपती संभाजीनगर)

मित्राने कुठेतरी व्हॅन डाईनचे नियम वाचलेले दिसतात. या अमेरिकन लेखकाने १९२८ मध्ये डिटेक्टिव्ह कथेचे वीस नियम छापले आणि तिसरा नियमच हा, प्रेमप्रकरण नको. त्याचं म्हणणं, गुन्हेगाराला कोर्टात न्यायचंय, प्रेमिकांना बोहल्यावर नाही. दोनच वर्षांत, १९३० ला, डोरोथी सेयर्सने 'स्ट्राँग पॉयझन' लिहिली, त्यात हॅरिएट व्हेनवर जुन्या प्रियकराला विष दिल्याचा खटला चाललाय, हॅरिएट स्वतःच रहस्यकथा लिहिणारी, आणि डिटेक्टिव्ह तिच्या प्रेमात पडतो. ती नाही म्हणते. का, तर ज्याने फाशीपासून वाचवलं त्याच्याशी उपकारापोटी लग्न करायचं नाही. हो म्हणायला तिला १९३५ च्या 'गॉडी नाइट'पर्यंत वेळ लागतो. मला यातलं हे आवडतं की खटला आणि प्रेम वेगळे काढताच येत नाहीत. तसे वेगळे निघत असतील तर तुमचा मित्र बरोबर आहे, लव्हस्टोरी काढून टाका.

आपल्या जवळचं उदाहरण ब्योमकेश बक्षीचं. तपास चालू असताना त्याला सत्यवती भेटते, तिच्या भावावर खुनाचा आळ आलेला असतो, पुढे लग्न होतं आणि नंतरच्या गोष्टींत ती घरात असते, चिडते, बोलते. ते लिहिणारे शरदिंदू बंदोपाध्याय सिनेमासाठी मुंबईत आले आणि १९५२ पासून पुण्यात राहिले, नंतरच्या कितीतरी गोष्टी त्यांनी पुण्यात बसून बंगालीत लिहिल्या. आणि आपले सुहास शिरवळकर, दारा बुलंद आणि फिरोज इराणी या नायकांच्या रहस्यकथा लिहिणाऱ्या हातानेच त्यांनी 'दुनियादारी'सारखी मैत्री-प्रेमाची कादंबरी लिहिली ना.

प्रश्न : खुनाचं कलम ३०२ लिहू की १०३? (वकिलीची विद्यार्थिनी, सोलापूर)

गुन्हा कधी घडला ते बघ. १ जुलै २०२४ च्या आधीचा असेल तर ३०२, त्या दिवशी किंवा नंतरचा असेल तर भारतीय न्याय संहितेचं १०३. आणि प्रेत सापडल्या सापडल्या कुणी 'खून' म्हणत नाही, बऱ्याचदा आधी अकस्मात मृत्यूची नोंद होते. सगळ्यात महत्त्वाचं, शेवटच्या पानावर खुनी ढसाढसा रडून इन्स्पेक्टरसमोर सगळं कबूल करतो हा शेवट लिहू नकोस. पोलिसांसमोरचा कबुलीजबाब जुन्या कायद्यातही पुरावा म्हणून चालत नव्हता, नव्यातही नाही. माझ्या पहिल्या कादंबरीत मी हेच केलं होतं आणि एका निवृत्त हवालदारांनी मला चार पानी पत्र लिहून समजावलं. ते पत्र अजून जपून ठेवलंय.

प्रश्न : मी पंचावन्न वर्षांची आहे, दोन रहस्यकथा लिहिल्यात. घरचे म्हणतात हे काही साहित्य नाही. खूप वाईट वाटतं. (वाचक, नाशिक)

मलाही वाटायचं, आणि अजूनही कुणी म्हटलं की लागतं. पण काकू, बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, झुंजार आणि काळा पहाड वाचण्यासाठी माणसं लायब्ररीत नंबर लावायची, आणि त्यातल्या कित्येकांना वाचायची सवयच तिथून लागली, हे काम लहान कसं? ना. सी. फडक्यांनी प्रेमाच्या कादंबऱ्या लिहिल्या आणि त्या कशा रचायच्या यावर 'प्रतिभासाधन' नावाचं जाड पुस्तकही लिहिलं. त्यांची सगळी मतं मला पटत नाहीत, पण गोष्ट सांगणं ही शिकायची, घासायची गोष्ट आहे हे त्यांनी इतक्या गंभीरपणे मानलं, त्याबद्दल मला फार आदर आहे.

आमच्या गावच्या लायब्ररीत एक रहस्यकथा होती, पार खिळखिळी झालेली. पहिल्याच पानावर कुणीतरी पेन्सिलने लिहिलं होतं, 'खुनी डॉक्टर आहे.' त्याखाली निळ्या शाईत दुसऱ्याचं अक्षर, 'चूक. पुढे वाचा.' आणि त्याखाली तिसऱ्याचं, अगदी बारीक, 'मलाही डॉक्टरच वाटला होता.' मी तेव्हा बारा वर्षांची होते आणि ते पान मी पुस्तकापेक्षा जास्त वेळा वाचलं. तुमच्या दोन्ही कथा पाठवा काकू, डॉक्टर कोण आहे ते मी पेन्सिलने लिहून परत पाठवते.