नागपूर विद्यापीठात एम.एस्सी.ला येतेय. कॅम्पसवर ख्रिस्ती विद्यार्थ्यांचा प्रार्थना गट असतो का, परवानगी लागते का, आणि त्यात जावं का?

असतो. जा. इथेच थांबलो असतो, पण प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की आई म्हणते, "असल्या गटात गेलीस की लोक धर्मांतरवाली म्हणतील." ते वाचलं आणि राहवलं नाही. आईचं अर्धं बरोबर आहे. कोणतं अर्धं, ते सांगतो.

मी बल्लारपूरचा, नागपुरात होस्टेलला होतो. आमचा गट अमरावती रोडच्या कॅम्पसवर प्रॅक्टिकल संपल्यावर डिपार्टमेंटच्या मागे, सायकल स्टँडच्या पलीकडे बसायचा. मेथॉडिस्ट, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), कॅथलिक, पेंटेकोस्टल, झारखंडची पोरं, केरळच्या मुली, सगळी भेळ. गिटार कोणालाच येत नव्हतं, टाळ्यांवर भागायचं. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची गीतं मला तोंडपाठ, झारखंडवाल्यांना त्यातलं अक्षर कळायचं नाही, तरी ध्रुवपदाला सगळे आवाज लावायचे.

आमची खरी दौलत म्हणजे एक दोनशेपानी वही. पानाच्या मधोमध पट्टीने रेघ मारलेली, डावीकडे 'विषय', उजवीकडे 'उत्तर'. डावीकडे काय असायचं? 'स्कॉलरशिप अजून नाही.' 'होस्टेलच्या पाण्याने कावीळ.' 'बहिणीचं लग्न ठरलंय, मोडू नये.' उजवीकडे तारीख टाकून 'एक हप्ता आला', 'ताप उतरला', आणि एका ठिकाणी 'मोडलं. मुलगा दारू पीत होता, बरं झालं.' पुष्कळ ओळींसमोर उजवी बाजू कोरीच. आमेन म्हणून झालं की ज्याच्याकडे गाडी असेल तो स्कॉलरशिपवाल्याला मागे बसवून समाजकल्याणच्या ऑफिसात घेऊन जायचा. माझ्या लेखी विद्यार्थ्यांमधली सेवा ती हीच. बाकी सगळं बॅनर.

आता वादाकडे येतो. आमच्यात एक दादा होता. त्याचं शिक्षण संपलेलं, पूर्णवेळ सेवेत, म्हणजे धर्मकार्य हेच त्याचं काम. माणूस दिलदार, माझी परीक्षा फी एकदा त्यानेच भरली होती. पण त्याला दर महिन्याला वर कुठेतरी अहवाल पाठवायचा असायचा आणि त्यात हजेरीचा रकाना असायचा. त्याने ठरवलं की परीक्षेआधी मोठा कार्यक्रम घ्यायचा. पत्रकावर काय? 'परीक्षेचा ताण आणि यशाचे मार्ग. प्रवेश विनामूल्य. चहा-समोसा.' येशूचं नाव नाही, प्रार्थनेचं नाही, गटाचंसुद्धा नाही. झेरॉक्सच्या दुकानात उभ्या उभ्या मी म्हटलं, "दादा, ही प्रार्थना सभा आहे एवढं तरी लिहू." तो म्हणाला, "लिहिलं तर येईल कोण? बायबलमधला पौल सर्वांना सर्व काही झाला होता. सापासारखं चतुर असावं लागतं." त्याच वचनात पुढे 'कबुतरासारखं निष्कपट' असंही आहे, ते मी त्याला ऐकवलं. बाकीच्यांनी दादाची बाजू घेतली आणि पत्रकं छापली गेली.

हॉल भरला. माझा रूममेटही आला. तो गडचिरोलीकडचा, घरी देवी, ख्रिस्ती धर्माशी काही संबंध नाही. मी त्याला बोलावलं नव्हतं, मेसच्या भिंतीवरचं पत्रक वाचून तो समोशासाठी आला होता. अर्धा तास अभ्यासाच्या टिपा झाल्या, मग दोन गाणी, मग एक साक्ष (येशूने आपलं आयुष्य कसं बदललं ते कोणीतरी सांगणं), आणि मग दादा म्हणाला, "सर्वांनी डोळे मिटा. ज्यांना आज येशूला स्वीकारायचंय त्यांनी हात वर करा." रूममेटने डोळे मिटले नाहीत. तो वळून माझ्याकडे बघत होता. रात्री खोलीवर म्हणाला, "काऊन बे, प्रार्थना होती तं प्रार्थना म्हनून सांगाचं ना. आलो असतो मी."

पुढचं पत्रक मी स्केचपेनने स्वतः लिहिलं. 'ख्रिस्ती विद्यार्थ्यांची प्रार्थना सभा. बायबल वाचलं जाईल. ज्याला यायचं त्याने यावं.' दादा म्हणाला, खुर्च्या रिकाम्या राहतील. राहिल्या. पण रूममेट आला, मागे बसला, आणि शेवटी वही मागून घेऊन डावीकडे लिहिलं, 'बाबाचा तेंदूपत्त्याचा बोनस अडकला आहे.' आम्ही प्रार्थना केली. त्या पावसाळ्यात बोनस आला, उजवीकडे त्यानेच लिहिलं. तो ख्रिस्ती झाला नाही, होणारही नाही. माझ्या लग्नात चर्चमध्ये पहिल्या बाकावर मात्र बसला होता.

दादाचं म्हणणं आजही हेच की माझ्या हट्टापायी काम थांबलं. मी म्हणतो, नागपुरात राहून ही अक्कल नसावी? १९५४ साली मध्य प्रदेश सरकारने भवानीशंकर नियोगींची समिती नेमली तेव्हा राजधानी हेच शहर होतं. १९५६ च्या अहवालात मिशनऱ्यांवर ठपका काय होता? शाळा-दवाखान्यांच्या आडून, आमिष दाखवून धर्मांतरं करतात. आपल्या लोकांनी तो अहवाल एकतर्फी म्हटला, मीही म्हणतो. मग समोशाच्या आडून सभा घेऊन त्याच आरोपाला पुरावा कशाला पुरवायचा? स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ साली इथे आला, पुढच्या वर्षी शाळा काढली, तिथे बायबल शिकवलं ते दिवसाढवळ्या. पोरांच्या बापांना ठाऊक होतं आणि तरी ते पोरं पाठवत होते. १८६३ साली तो नदीत बुडून गेला, पण त्याच्या नावाचं कॉलेज १८८३ पासून उभं आहे.

आईचं बरोबर असलेलं अर्धं ते हे. उरलेलं अर्धं, म्हणजे गटातच जाऊ नको, ते चूक. एकटी मुलगी नव्या शहरात पहिल्या सेमिस्टरला आजारी पडते तेव्हा डबा कोण आणतं, ते आईला विचारा.

परवानगीचं. चौघीजणी झाडाखाली डोळे मिटून बसल्या तर कोणी पावती फाडत नाही. हॉल, माइक, बाहेरचा वक्ता असला की विभागप्रमुखांकडे लेखी अर्ज, आणि अर्जात कार्यक्रमाचं खरं नाव. घटनेचं कलम २५ धर्म पाळण्याचा आणि त्याचा प्रचार करण्याचा हक्क देतं. १९७७ साली सुप्रीम कोर्टाने या कलमाबद्दल स्पष्ट केलं की प्रचार म्हणजे दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा हक्क नव्हे. मी वकील नाही, अडचण आलीच तर चर्चमधल्या एखाद्या वकिलाला गाठा. आणि विद्यापीठाला नाव आहे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं. ज्यांनी गावोगाव सामुदायिक प्रार्थना रुजवली त्यांच्या नावाच्या आवारात प्रार्थनेची लाज कसली?

गट कोणते? यूईएसआय (युनियन ऑफ इव्हँजेलिकल स्टुडंट्स ऑफ इंडिया) ही १९५४ पासूनची संघटना, तिचे गट विद्यार्थीच चालवतात, कॉलेजात त्यांना ई.यू., म्हणजे इव्हँजेलिकल युनियन, म्हणतात. स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंट त्याहून जुनी, १९१२ ची, तिथे सामाजिक प्रश्नांवर जास्त बोलतात. यंदा कोण कुठल्या वारी भेटतं ते पहिल्या रविवारी सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये किंवा तुमच्या पंथाच्या चर्चमध्ये उपासनेनंतर विचारा. १९७० साली सहा पंथ एकत्र येऊन सीएनआय स्थापन झाली ती याच शहरात, त्यामुळे तू कुठल्या चर्चची असं खोदून विचारणारे थोडेच भेटतील. गटासाठी रविवारचं चर्च सोडा म्हणणारा कोणी भेटला तर मात्र तो गट सोडा.

मी कॅम्पस सोडून बरीच वर्षं झाली, तेव्हा नियम-वेळा ताज्या विचारून घ्या. सगळे पूर्णवेळ सेवक दादासारखे नसतात, हेही खरं. पण कोणी 'व्यक्तिमत्त्व विकास शिबिरा'ला चल म्हणालं तर आधी विचारा, तिथे प्रार्थना आहे का? "चल तर, मग कळेल" असं उत्तर आलं तर जाऊ नका. आणि होस्टेलच्या वॉर्डनला पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवा, कारण सातला संपणारी प्रार्थना सभा आठच्या आत कधीच संपत नाही.