वर्कशॉप चालवणाऱ्याचं खाणं, दुपारचा थकवा आणि बर्नआउट

तुम्ही दिलेली माहिती आधी एकत्र मांडतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. वय ४१, वजन ७२ किलो, भोसरीत सीएनसी (संगणकावर चालणारी मशीन) जॉबवर्कचं शॉप. सकाळी चहा आणि चार बिस्किटं, अकराला टपरीवरचा वडापाव, दिवसभरात आठ कटिंग, त्यातला शेवटचा संध्याकाळी सातला. डबा उघडतो साडेतीनला, रात्रीचं जेवण साडेदहाला, झोप साडेबाराच्या पुढे. चारच्या सुमारास डोकं चालेनासं होतं, माणसांवर उगाच आवाज चढतो, आणि वर्षभर रोज सकाळी ॲसिडिटीची गोळी. हा बर्नआउट आहे का, आणि प्रोटीन पावडर, मल्टिव्हिटॅमिन, अश्वगंधा यांतलं काय सुरू करावं, असं तुम्ही विचारलंय.

आत्ता यांतलं काहीच सुरू करू नका. तीन आठवडे फक्त जेवणाच्या आणि चहाच्या वेळा बदला, आणि त्याच दरम्यान रक्त तपासून घ्या. आज तुमच्या थकव्यात उपास, अपुरी झोप, साखर आणि कामाचा ताण हे सगळं एकमेकांत मिसळलेलं आहे. त्यामुळे बर्नआउट आहे की नाही, हे आज कुणालाच नीट सांगता येणार नाही. जागतिक आरोग्य संघटना बर्नआउटला आजार म्हणत नाही, कामाशी जोडलेली अवस्था म्हणते. तिची तीन लक्षणं सांगते: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामापासून मन उठणं किंवा त्याबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. यातलं पहिलं लक्षण नुसत्या खाण्याच्या गोंधळानेही येतं. उरलेली दोन मुगाची उसळ खाऊन जाणार नाहीत.

आता तुमचा दिवस. दुपारी साडेतीनपर्यंत पोटात जातं ते मुख्यतः मैदा, बटाटा, तेल आणि साखर. प्रथिनं जेमतेम १० ते १५ ग्रॅम. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे तुम्हाला साधारण ६०. ती तुम्ही बहुतेक सगळी रात्री साडेदहाला भरून काढता, जेव्हा काम संपलेलं असतं. टपरीच्या एका कटिंगमध्ये ८ ग्रॅम साखर धरली तरी आठ कटिंगची ६४ ग्रॅम झाली. जागतिक आरोग्य संघटनेची वरची मर्यादा दोन हजार कॅलरीच्या आहाराला ५० ग्रॅम आहे, तीही दिवसभराच्या सगळ्या वरच्या साखरेची.

चारचा झटका मात्र सगळा खाण्यामुळे नाही. दुपारी एक ते चारच्या दरम्यान शरीराच्या घड्याळातच एक उतार असतो, तो सगळ्यांना येतो. तुमचं होतं काय, की सात-आठ तास अर्धवट उपाशी राहून तुम्ही नेमक्या त्या उतारावर तीन पोळ्या, बटाट्याची भाजी आणि वरणभात असं भरपेट जेवता. रक्तातली साखर झपाट्याने वर जाते, काहींची तितक्याच झपाट्याने खाली येते, आणि आदल्या रात्रीची अपुरी झोप आपली वसुली करते. त्यावर तुम्ही आणखी दोन कटिंग घेता. कॅफीन निम्मं उतरायला सरासरी पाच तास लागतात. सातच्या चहातलं निम्मं कॅफीन बारा वाजताही अंगात असतं. झोप उशिरा लागते, सकाळी उठल्यावर भूक नसते, म्हणून नुसता चहा. हे चक्र नाश्त्यापाशी तोडायला जाल तर टिकणार नाही. आधी संध्याकाळचा चहा तोडा.

शेवटचा चहा दुपारी तीनला. एकदम आठाचे तीन करू नका. कॅफीन अचानक थांबवलं तर १२ ते २४ तासांत डोकं ठणकायला लागतं, दुसऱ्या दिवशी सर्वांत जास्त ठणकतं, कधी आठवडाभर चालतं. ‘चहा सोडल्यावर मला जमलंच नाही’ म्हणणारे बहुतेक जण इथेच मागे फिरतात. दर तीन दिवसांनी एक कप कमी करा, सुरुवात सातच्या कपापासून. पार्टी (काम देणारा ग्राहक) आली की चहा होतोच, तिथे स्वतःसाठी ताक किंवा लिंबू सरबत सांगा, साखर कमी मीठ जास्त. आणखी एक, जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा नको. चहातली टॅनिन्स अन्नातलं लोह शोषू देत नाहीत, आणि शाकाहारी जेवणातलं लोह तसंही कमीच शोषलं जातं.

यानंतर नाश्ता. शॉपवर निघण्याआधी १५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं पोटात गेली पाहिजेत. पोहे सोडायची गरज नाही, पण नुसते पोहे पुरत नाहीत. ६० ग्रॅम कोरड्या पोह्यांत प्रथिनं फक्त ४ ग्रॅम. त्यात २५ ग्रॅम, म्हणजे मोठी मूठभर शेंगदाणे घातले की आणखी ६, सोबत दीडशे ग्रॅमची वाटीभर दही घेतली की ५, वरून अर्धं लिंबू लोहासाठी. १५ झाली. अंडं चालतं त्या दिवशी दोन उकडलेली अंडी आणि एक पोळी, तेवढंच. सोमवार-गुरुवार पाळत असाल तर भाजणीची दोन थालीपिठं आणि दही, किंवा मूगडाळीची दोन धिरडी. धिरड्याला ५० ग्रॅम डाळ रात्री भिजवायची, सकाळी आलं-मिरची घालून वाटायची, दहा मिनिटांचं काम आहे. सकाळी भूकच नसेल तर पहिला आठवडा अर्धाच नाश्ता करा आणि उरलेला दहा वाजता, वडापावच्या जागी. रात्रीचं जेवण अलीकडे आलं की भूक आपोआप लागते.

दुपारच्या जेवणाचा खरा प्रश्न डब्यात काय आहे हा नाहीच. डबा बरा असतो, तो उघडला जात नाही. मशीनचं सेटिंग चालू असतं, कुणीतरी ड्रॉइंग घेऊन उभं असतं, बँकेतून फोन येतो. शॉपमधली माणसं साडेबाराला जेवायला बसतात, मशीन थांबतं, आणि त्या अर्ध्या तासात मालक एकटा ऑफिसात फोन घेत असतो. तुम्ही त्याच वेळी त्यांच्यासोबत बसा. हा या सगळ्या उत्तरातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त टिकणारा बदल आहे, कारण ती वेळ आधीच ठरलेली आहे आणि तेव्हा कुणी सेटिंग विचारायला येत नाही. फोन साडेबारा ते एक सायलेंट. पार्टीला एकदा सांगितलं की ती एकनंतर फोन करते.

ताटातला क्रम बदला. आपल्याकडे पहिला वरणभात आणि मग पोळी, ही पद्धत डोळ्यांवर झापड येणाऱ्यांनी उलटी करावी. आधी काकडी-टोमॅटो किंवा कोशिंबीर, मग उसळ किंवा घट्ट आमटी, मग भाकरी, भात शेवटी अर्धी वाटी. तेच पदार्थ या क्रमाने खाल्ले की जेवणानंतर साखर कमी उसळते, हे तपासून पाहिलेलं आहे. जेवून झाल्यावर लगेच खुर्चीत न बसता दहा मिनिटं चाला, रस्त्यावर ऊन असेल तर शॉपच्या आत.

उसळ रोज हवी, आणि ती रोज करणं घरच्यांवर टाकू नये. भोसरीत साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, तोच तयारीचा दिवस धरा. ४०० ग्रॅम मटकी बुधवारी रात्री भिजवा, गुरुवारी सकाळी निथळून ओल्या फडक्यात बांधा, रात्रीपर्यंत मोड येतात. उन्हाळ्यात पुरचुंडी बांधून विसरलात तर आंबूस वास येतो आणि हाताला चिकट लागते, तसली मटकी टाकून द्या. चांगले मोड आलेली कोरडी करून डब्यात, फ्रिजमध्ये, चार दिवस टिकते. भिजवण्याआधीचं ४० ग्रॅम वजन म्हणजे ९ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं.

टेबलाच्या खणात फुटाणे आणि भाजके शेंगदाणे ठेवा. महिनाअखेर डिस्पॅचच्या गडबडीत डबा राहिलाच तर ४० ग्रॅम फुटाणे आणि एक केळं यावर दोन तास निघतात. चिक्की आणि खारी त्या खणात नको. एनर्जी ड्रिंकही नको. अडीचशे मिलीच्या कॅनमध्ये साधारण ८० मिलिग्रॅम कॅफीन आणि पाच-सहा चमचे साखर असते, म्हणजे तुमचं चहाचंच दुखणं थंड करून दिलेलं. चतुर्थीला किंवा श्रावणात साबुदाण्याची खिचडी हा जवळपास निव्वळ स्टार्च आहे. उपास करायचाच असेल तर दाण्याची आमटी आणि वरीचा भात, सोबत दही. त्यात थोडी तरी प्रथिनं मिळतात.

रात्रीचं जेवण दोन भागांत करा. सातला शॉपवरच उसळ आणि एक भाकरी, किंवा पनीर घालून केलेली पोळीची गुंडाळी. घरी गेल्यावर साडेनऊला सगळ्यांसोबत ताटावर बसा, पण हलकं: भाजी, मऊ भात, ताक. घरच्यांसोबत बसणं बंद करू नका, दिवसभरात तुमच्याशी कामाशिवाय बोलणारी माणसं तेवढीच आहेत. जेवण आणि झोप यात दोन-तीन तास राहिले की सकाळची ॲसिडिटीही बऱ्याच जणांची कमी होते.

त्या गोळीकडे नीट लक्ष द्या. पॅन्टोप्रॅझोल, ओमेप्रॅझोल या जातीच्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्या तर बी-१२ शोषलं जाणं कमी होतं. त्यात तुम्ही मांसाहार जवळपास करत नाही. थकवा, चिडचिड, विसरभोळेपणा, पायाला मुंग्या हे सगळं बी-१२ कमी असल्याने होतं आणि अगदी बर्नआउटसारखं दिसतं. म्हणून हिमोग्राम, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२, व्हिटॅमिन डी, टीएसएच (थायरॉईडची तपासणी), उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर) एवढ्या तपासण्या एकदाच करा. पुरुषांत हिमोग्लोबिन १३ च्या खाली म्हणजे ॲनिमिया. उपाशीपोटीची साखर १०० ते १२५ किंवा एचबीए१सी ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. लोह कमी असेल तर एचबीए१सी खोटं जास्त येऊ शकतं, म्हणून दोन्ही एकत्र पाहायचं. कंबर ९० सेंटिमीटरच्या वर असेल तर वजन ७२ दिसत असलं तरी ही तपासणी टाळू नका. मल्टिव्हिटॅमिन आधी सुरू केलं तर आकडे बदलतात, कमतरता झाकली जाते, आणि बायोटिन (एक बी व्हिटॅमिन) असलेल्या गोळीने टीएसएचचा रिपोर्टही चुकू शकतो. ॲसिडिटीची गोळी मनाने बंद करू नका, रिपोर्ट घेऊन डॉक्टरांना विचारा.

अश्वगंधाबद्दल स्पष्ट सांगतो: ती निरुपद्रवी नाही. यकृताला सूज आल्याच्या नोंदी आहेत, थायरॉईडच्या आकड्यांवर परिणाम होतो. टीएसएच पाहिल्याशिवाय नको. प्रोटीन पावडरची गरज ६० ग्रॅमसाठी पडत नाही. प्रवासात रोज असाल तर सोय म्हणून घ्या, औषध म्हणून नाही. साठ हजार युनिटची व्हिटॅमिन डीची गोळी मेडिकलमधून आणून महिनोन्महिने दर आठवड्याला घेत राहणं धोक्याचं आहे, ती रिपोर्टप्रमाणे ठरावीक आठवडेच घ्यायची असते.

तीन आठवडे एका वहीत रोज तीनच नोंदी: चार वाजता डोकं कसं होतं ते दहापैकी किती, किती वाजता झोप लागली, आणि दिवसात किती वेळा आवाज चढला. जीएसटीचा आठवडा आणि पगाराचे दिवस वेगळे दाखवा, नाहीतर त्यांचा दोष जेवणाला लागेल. चारचा आकडा आणि झोप सुधारली, पण सकाळी शॉपचं शटर उघडायचं नको वाटणं तसंच राहिलं, तर प्रश्न खाण्याचा उरत नाही. मग कोटेशन, खरेदी किंवा वसुली यांतलं एक काम दुसऱ्याकडे द्यावं लागेल. उधारीची चिंता झोप उडवत असेल तर ती चिंता कागदावर सोडवा: तुमची उद्यम नोंदणी सूक्ष्म किंवा लघू उद्योगात असेल तर एमएसएमईडी (लहान उद्योगांसाठीच्या) कायद्याप्रमाणे पार्टीला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. पोट सुधारूनही मन उठलेलंच असेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत बोलता येतं, फुकट.

आणि ज्या दिसल्या तर तीन आठवडे वाट पाहत थांबू नये अशा गोष्टी: प्रयत्न न करता वजन उतरणं, सतत तहान आणि रात्री लघवीला उठणं, जिना चढताना छातीत दडपण, काळी शौच, किंवा घोरताना श्वास थांबतो असं घरच्यांनी सांगणं. यातलं एकही असेल तर नाश्त्याचं नंतर बघू, आधी डॉक्टर. तपासणीचे आकडे आले की इथेच टाका, जेवणाचा तक्ता त्याप्रमाणे बदलून देतो.