ताटातून मासे गेले, त्यांच्या जागी काय आलं?

या वेळी शाकाहार आणि वजन यांविषयीचे प्रश्न घेतले आहेत. दूध-दही चालतं तो शाकाहार आणि दूध, तूप, मधसुद्धा वर्ज्य तो व्हीगन आहार, अशा अर्थाने हे शब्द खाली आले आहेत.

प्रश्न : वय ४२, उंची १५५ सेंमी, वजन ७४ किलो. आठवड्यातले चार-पाच दिवस घरात मासे असायचे. श्रावणात बंद केले आणि वजन उतरेल म्हणून पुढेही बंदच ठेवले. चार महिने झाले, उतरायचं सोडून दोन किलो वाढलं. सकाळी पोहे किंवा उपमा, दुपारी भात आणि बटाट्याची भाजी नाहीतर काळ्या वाटाण्याचं सांबारं, रात्री चपाती आणि पनीर, सोमवारी साबुदाण्याची खिचडी. तळलेलं फारसं खात नाही. चुकतं कुठे?
– एक वाचक, वेंगुर्ला

उत्तर : वजन माशांमुळे वाढलेलं नव्हतं, त्यामुळे मासे सोडून ते उतरणारही नव्हतं. बांगडा शंभर ग्रॅम खाल्ला तर साधारण वीस ग्रॅम प्रथिनं मिळतात. पोट भरल्यासारखं वाटतं ते त्यांच्यामुळे, आणि वजन उतरताना स्नायू टिकतात तेही त्यांच्यामुळेच. ताटातली ती जागा रिकामी झाली आणि तिथे बटाटा, जास्तीचा भात आणि पोहे येऊन बसले. मग दोन तासांत पुन्हा भूक लागते, चहाबरोबर चार बिस्किटं जातात. हे तुमच्या एकटीचं नाही. मासे-मटण सोडणाऱ्या बहुतेक घरांत हेच होतं, कारण काय सोडायचं ते ठरलेलं असतं, त्याच्या जागी काय घ्यायचं ते ठरवलेलं नसतं.

सोमवारची खिचडी मोजून पाहू. कोरडा साबुदाणा ६० ग्रॅम म्हणजे २१० कॅलरी, दाण्याचं कूट २५ ग्रॅम म्हणजे १४०, दोन चमचे तूप ९०, अर्धा बटाटा ३०. एका बशीत ४७० कॅलरी झाल्या. साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे. बशीत जी सहा-सात ग्रॅम प्रथिनं आहेत ती दाण्यांची. उपास करायचा असेल तर राजगिऱ्याची एक छोटी भाकरी, वाटीभर दही आणि काकडीची कोशिंबीर घ्या, खिचडी महिन्यातून एखाद्या वेळेस.

काळ्या वाटाण्याचं सांबारं मात्र सोडू नका, फक्त वाटप (त्यात वाटून घालतो ते खोबरं) बघा. अर्ध्या नारळाचं खवलेलं खोबरं शंभर ग्रॅमच्या आसपास भरतं, म्हणजे सुमारे ४०० कॅलरी. चौघांच्या सांबाऱ्याला पाव नारळ पुरतो. दाटपणा हवा असेल तर शिजलेले मूठभर वाटाणेच वाटून घाला, चव जात नाही. पनीर शंभर ग्रॅममध्ये १८ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं देतं, पण सोबत वीस ग्रॅमहून जास्त स्निग्धांशही येतो. म्हणून ते रोज नको, आठवड्यातून दोनदा पन्नास-पन्नास ग्रॅम ठीक.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांना वजनाच्या दर किलोला ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. तुमच्यासाठी हा आकडा साठ-एकसष्टावर जातो. तो असा भरतो. सकाळी ५० ग्रॅम मूगडाळ भिजवून वाटून दोन धिरडी (१२ ग्रॅम). दुपारी ७० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या दोन लहान भाकऱ्या (७) आणि ३० ग्रॅम कोरड्या तूरडाळीची घट्ट आमटी (साडेसहा). संध्याकाळी ३० ग्रॅम फुटाणे (६). रात्री ४० ग्रॅम कोरड्या मटकीची मोड आणून केलेली उसळ (९) आणि एक लहान भाकरी (साडेतीन). दिवसभरात गाईचं दूध आणि दही मिळून ३०० मिली (साडेनऊ) आणि ४०० ग्रॅम भाज्या (५-६). बेरीज साठाच्या जवळ जाते. एक फळ आणि तीन-चार चमचे तेल धरून दिवसाच्या कॅलरी साधारण १४०० होतात. भाकरीऐवजी भात हवा असेल तर कोरडा तांदूळ तेवढाच, ७० ग्रॅम, मोजून घ्या. प्रथिनं थोडी कमी होतील, पण बिघडत नाही.

पहिला आठवडाभर हे सगळं काट्यावर मोजाच. स्वयंपाकघरातला छोटा काटा या कामात ट्रेडमिलहून जास्त उपयोगी पडतो. एकदा वाटी ठरली की काटा ठेवून द्या. आमटी ‘घट्ट’ लिहिली आहे तीही मुद्दाम. ३० ग्रॅम डाळीत चार वाट्या पाणी घातलं की आमटी भरपूर दिसते, पण तुमच्या वाटीत डाळ पाच-सात ग्रॅमच येते.

आता तेल. ‘तेलकट खात नाही’ असं वाटतं, पण फोडणी ज्या पळीने होते ती एकदा मोजून पाहा. पळीत पाणी भरा आणि ते चहाच्या चमच्याने काढत जा. पाच-सहा चमचे निघाले तर ती पळी २५ ते ३० मिलीची आहे, म्हणजे सव्वादोनशे ते अडीचशे कॅलरी. भाजी, आमटी, उसळ असं दिवसातून तीनदा ती कढईत रिती होते. महिन्याच्या एक तारखेला माणशी अर्धा लिटर या हिशोबाने तेल वेगळ्या बरणीत काढा आणि महिना त्यातच निभवा. रोज माणशी पंधरा ग्रॅम, म्हणजे साधारण तीन चमचे पडतात.

माशांबरोबर ओमेगा-३ हे शरीराला लागणारं स्निग्धाम्लही गेलं. भाजलेल्या जवसाची पूड रोज एक मोठा चमचा घ्या, आमटीत किंवा दह्यात कशातही चालते. अख्खं जवस बरंचसं न पचता बाहेर पडतं, म्हणून पूड करायची, आणि ती लवकर खवट होते म्हणून आठवड्यापुरतीच करून फ्रिजमध्ये ठेवायची. कडधान्यांमधलं लोह शरीर कमी शोषून घेतं, तेव्हा उसळीवर लिंबू पिळा आणि जेवणाच्या आधी-नंतर तासभर चहा टाळा. पाळी चालू असलेल्या बायकांनी याकडे दुर्लक्ष करू नये.

एवढं सांभाळलंत तर महिन्याला दीड-दोन किलो उतरणं योग्य आहे. त्याहून वेगाने उतरवायच्या मागे लागू नका, दोन-तीन महिन्यांनी केसांचे पुंजके हातात येतात. आणि मनापासून सांगतो, मासे केवळ वजनासाठी सोडले असतील तर पुन्हा सुरू करायला काहीच हरकत नाही. रवा लावून तळलेले नकोत, तिखलं किंवा आमटीतले चालतील.

प्रश्न : वय ३५. वजनासाठी आठ महिन्यांपूर्वी पूर्ण व्हीगन झालो, दूधसुद्धा बंद. नऊ किलो उतरले. पण दोन महिने पावलांना मुंग्या येतात, थकवा असतो. हिमोग्लोबिन नॉर्मल आहे. बी-१२ साठी स्पिरुलिना घेतो आणि पालेभाज्या भरपूर खातो. आणखी काय खावं?
– एक वाचक, पुणे

उत्तर : खाण्यातून हे सुटणार नाही. या आठवड्यात रक्तातलं बी-१२ तपासून घ्या आणि डॉक्टरांना पावलांच्या मुंग्या आवर्जून सांगा. तपासणीआधी गोळी सुरू करू नका, नाहीतर आकडा फसवा येतो. आकडा काठावर आला तर होमोसिस्टीन किंवा मिथाइलमॅलॉनिक आम्ल तपासायला सांगतात, बी-१२ कमी पडलं की रक्तात हे दोन्ही वाढतात.

स्पिरुलिनात, म्हणजे त्या निळ्या-हिरव्या शेवाळात, बी-१२ सारखा दिसणारा जो घटक असतो तो माणसाच्या शरीरात बी-१२ चं काम करत नाही. आंबवलेली इडली, मोड, न धुतलेली भाजी यांतूनही भरवशाचं बी-१२ मिळत नाही. हिमोग्लोबिन नॉर्मल असण्यात दिलासा नाही. पालेभाज्यांतलं फोलेट (हेही एक ब जीवनसत्त्वच) रक्ताची बाजू सावरून धरतं आणि मज्जातंतूंची हानी आत चालूच राहते. ती फार लांबली तर पूर्ण भरून येत नाही, म्हणून घाई करायला सांगत आहोत.

आणखी एक. बी-१२ चा साठा यकृतात असतो आणि तो चांगला भरलेला असेल तर काही वर्षं पुरतो. आठ महिन्यांत त्रास सुरू झाला, याचा अर्थ साठा आधीपासूनच तळाला असण्याची शक्यता मोठी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या गावांतल्या गरोदर स्त्रियांचा जो दीर्घ अभ्यास केला, त्यात अर्ध्याहून अधिक जणींमध्ये बी-१२ कमी आढळलं होतं. त्या व्हीगन नव्हत्या. दूध थोडं आणि मांसाहार क्वचित, एवढंही कमतरतेला पुरतं. तुम्ही मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) किंवा रोज अ‍ॅसिडिटीची गोळी घेत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा, दोन्हींनी बी-१२ चं शोषण घटतं.

कमतरता निघाली तर आधी इंजेक्शन किंवा मोठ्या मात्रेच्या गोळ्या, त्या डॉक्टर ठरवतील. पुढे व्हीगन राहायचं असेल तर गोळी कायमची. रोजची गरज २.२ मायक्रोग्रॅम इतकीच, पण गोळीतला थोडाच भाग शोषला जातो, म्हणून गोळीवरचा आकडा बराच मोठा दिसतो. घाबरू नका. मात्र कॅप्सूलचं आवरण बहुधा जिलेटिनचं, म्हणजे प्राणिजन्य असतं. व्हीगन असाल तर साधी गोळी मागा.

कॅल्शियमही बघा. दूध गेलं की रोजचे १००० मिलिग्रॅम आपोआप भरत नाहीत. नाचणीच्या शंभर ग्रॅम पिठात साडेतीनशेच्या आसपास असतं. न सोललेले तीळ आणि शेवग्याचा पाला चांगले. पालक यात धरू नका, त्यातल्या ऑक्झलेटमुळे कॅल्शियम अडकून राहतं.

प्रश्न : चिकन सोडून दोन्ही वेळा राजमा, छोले, चवळी सुरू केली. पंधरा दिवसांत पोट इतकं फुगतं की ऑफिसात बसवत नाही. शाकाहार मला सोसत नाही असं समजू का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : नाही. सुरुवात उलट्या टोकाकडून झाली. कडधान्यांमधल्या काही शर्करा आपल्या लहान आतड्यात पचत नाहीत. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्या आंबवतात आणि त्यातून वायू होतो. जिवाणूंची घडी बसायला तीन-चार आठवडे लागतात.

चार दिवस फक्त मुगाचं वरण घ्या, पोट शांत होऊ द्या. मग मसूर आणि मोडाची मटकी, एका वेळी अर्धी वाटी, दिवसातून एकदा. तिसऱ्या आठवड्यात चवळी आणि हरभरा. राजमा-छोले सर्वांत शेवटी. कडधान्य दहा-बारा तास भिजवा, मध्ये एकदा पाणी बदला, ते पाणी फेकून ताज्या पाण्यात कुकरला लावा. दाणा दोन बोटांत दाबला की पूर्ण पिठूळ व्हायला हवा. मधला भाग टणक राहिला की पोट हमखास धरतं. लवकर शिजावं म्हणून खायचा सोडा घालू नका, त्याने बी-१ जीवनसत्त्व नष्ट होतं. राजमा अर्धाकच्चा तर कधीच खाऊ नका. त्यातल्या लेक्टिन नावाच्या प्रथिनाने उलट्या-जुलाब होतात आणि ते घालवायला निदान दहा मिनिटं खळखळती उकळी लागते.

तंतुमय पदार्थ वाढले की पाणीही वाढवायचं, नाहीतर बद्धकोष्ठ होतो आणि फुगणं आणखी वाढतं. शौचावाटे रक्त किंवा रात्री झोपमोड करणारे जुलाब असतील तर दोष कडधान्यांवर न ढकलता डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : दुधाऐवजी बदामाचं दूध घेते, दिवसाला चार कप चहा त्यातच. तरी वजन हलत नाही.
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : डब्यामागचं लेबल वाचा. ‘अनस्वीटन्ड’ लिहिलं नसेल तर त्यात साखर घातलेली आहे. बदामाच्या दुधाच्या एका कपात प्रथिनं जेमतेम एक ग्रॅम, सोयाच्या दुधात सहा-सात. दुधाची जागा घ्यायची तर सोया घ्या. वरून घातलेलं कॅल्शियम तळाशी बसतं, म्हणून डबा जोरात हलवूनच ओता. तिकडच्या हिवाळ्यात त्वचेत ड जीवनसत्त्व फारसं तयार होत नाही, तेव्हा त्याची पातळीही तपासून घ्या.

प्रश्न : वय ५८, मधुमेह. ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन चालू आहे. मटण सोडलं. आता दुपारी दोन भाकरी आणि शेंगाचटणी, रात्री फक्त फळं, असं ठरवलं आहे. भाकरीने साखर वाढत नाही ना?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : वाढते. ५० ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत ३४ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात, म्हणजे जवळपास दोन फुलक्यांएवढी. ज्वारी चांगलीच, पण एका वेळी एक भाकरी आणि तिच्याबरोबर वाटीभर घट्ट डाळ किंवा उसळ हवीच. शेंगाचटणी जेवणाला एक मोठा चमचा, त्यातच ऐंशी कॅलरी असतात.

रात्रीच्या फळांची आम्हाला खरी काळजी वाटते. ग्लिमेपिराइड शरीराला इन्शुलिन सोडायला लावतं, जेवण कमी झालं तरीही. अशा वेळी रात्री साखर ७० च्या खाली जाऊ शकते. घाम फुटणं, हात थरथरणं, छातीत धडधड अशी लक्षणं दिसली तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, आणि सावरल्यावर काहीतरी खा. आहार बदलण्याआधी हा सगळा बेत डॉक्टरांना दाखवा. गोळीची मात्रा बदलावी लागेल, ती स्वतःहून कमी करू नका. मूत्रपिंडाचं काम कळण्यासाठी रक्तातलं क्रिएटिनिनही तपासून घ्या. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डाळी किती आणि फळं कोणती, हा हिशोब सगळाच वेगळा होतो.

प्रश्न : थायरॉइडची गोळी चालू आहे. वजनासाठी सोया चंक्स खाल्ले तर चालतील?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : चालतील. कोरडे चंक्स ३० ग्रॅम घेतले तर पंधरा ग्रॅम प्रथिनं मिळतात, रोज तेवढेच पुरे. गरम पाण्यात दहा मिनिटं भिजवून दोनदा पिळून काढा, उग्र वास जातो. गोळी मात्र सकाळी रिकाम्या पोटी पाण्याबरोबर घ्या आणि सोया, कॅल्शियम किंवा लोहाची गोळी यांत निदान चार तासांचं अंतर ठेवा. सोया नेमाने सुरू केल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) पुन्हा तपासा. आकडा वर गेला असेल तर आधी वेळांचं अंतर खरंच पाळलं जातंय का ते बघा, मग डॉक्टर मात्रा ठरवतील.