मॉड्यूल बिल्ड होतं, पण अपाचे ते लोडच करत नाही

प्रश्न: उबंटूवर अपाचे वेब सर्व्हरसाठी सी++मध्ये छोटं मॉड्यूल लिहिलंय. जी++ने (सी++ कंपायलर) ऑब्जेक्ट फाइल बनवली, एपीएक्सएसला (अपाचेची मॉड्यूल बिल्ड करायची कमांड) दिली, एकही एरर नाही. पण कॉन्फिगटेस्ट (अपाचेची सेटिंग तपासणी) मारली की ‘अनडिफाइन्ड सिम्बॉल: __जीएक्सएक्स_पर्सनॅलिटी_व्ही0’ येतं. हे नाव माझ्या कोडमध्ये कुठेच नाहीये! अपाचे री-इन्स्टॉल करून पण तेच. काय करू?

उत्तर: री-इन्स्टॉलने काही होणार नव्हतं, अपाचेचा यात दोषच नाही. ते नाव तुमच्या कोडमध्ये दिसणार नाही कारण ते कंपायलरने स्वतःहून घातलंय, सी++च्या एक्सेप्शन हँडलिंगला लागणारं फंक्शन आहे ते आणि असतं सी++च्या स्टँडर्ड लायब्ररीत, लिबएसटीडीसी++मध्ये. आता होतं काय, एपीएक्सएस शेवटचं लिंकिंग (ऑब्जेक्ट फाइल आणि लायब्ररी जोडणं) करतं ते अपाचे ज्या सी कंपायलरने बिल्ड झालं त्यानेच, म्हणजे बहुतेक जीसीसीने, आणि त्याला काय माहीत ही ऑब्जेक्ट फाइल जी++मधून आलीये, तो ती लायब्ररी जोडतच नाही.

मग लिंकर तेव्हाच का नाही ओरडला? कारण शेअर्ड लायब्ररीत (तुमची .एसओ फाइल) काही सिम्बॉल (फंक्शनची वगैरे नावं) अधांतरी राहिले तरी त्याला चालतं, आणि चालायलाच हवं, एपी_हुक_हँडलर, एपी_आरपुट्स वगैरे अपाचे स्वतःच लोड करताना पुरवतं ना. म्हणून एलडीडी या तपासणीच्या कमांडला -आर देऊन .एसओ फाइल तपासलीत की भलीमोठी यादी येईल, घाबरू नका, एपी_ आणि एपीआर_ वाली नावं सोडून द्या, उरेल ती खरी उधारी.

उपाय सोपाय. एपीएक्सएसच्या कमांडमध्ये -एलएसटीडीसी++ टाका, पण ऑब्जेक्ट फाइलच्या नंतर! उबंटूचा लिंकर ‘लागेल तेवढंच’ जोडतो, आधी लिहिलंत तर तोवर कुणी मागितलेलं नसतं म्हणून सरळ गाळून टाकेल. मला विचाराल तर सरळ जी++ -शेअर्डनेच लिंक करा, लिबजीसीसी, म्हणजे कंपायलरची मदतनीस लायब्ररीपण आपोआप येते. काहीजण हुशारी करून थेट एलडी, म्हणजे नुसता लिंकर, चालवतात, मग 32-बिट इंटेल मशीनवर साधा 64-बिट भागाकार केला तरी __यूडिव्हडीआय3 नाही म्हणून अडकतात, ते भागाकाराचं फंक्शन लिबजीसीसीतलंच.

आणि हो, लोड झालं म्हणून लगेच सर्व्हरवर टाकू नका. हँडलरच्या (रिक्वेस्टला उत्तर देणारं तुमचं फंक्शन) आत ट्राय आणि सगळं पकडणारा कॅच हवाच, एक्सेप्शन अपाचेच्या सी कोडमध्ये निसटलं तर ती रिक्वेस्ट हाताळणारी अपाचेची चाइल्ड प्रोसेस तिथेच मरते आणि तिच्यावरच्या बाकीच्या रिक्वेस्टपण सोबत जातात.