दही, सोडा आणि अंड्याचं काम

प्रश्न : ताई, सासूबाई अंडं खात नाहीत, म्हणून त्यांच्या पंचाहत्तरीला बिनअंड्याचा केक केला. मूळ कृतीत दीड कप मैदा, २ अंडी आणि दीड चमचा बेकिंग पावडर होती. अंड्यांऐवजी अर्धा कप दही घातलं. पावडर संपली होती, म्हणून तेवढाच खाण्याचा सोडा घातला. केक फुगला, पण काळपट झाला आणि साबणासारखा लागला. दही आंबट होतं म्हणून असं झालं का? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : दह्याला बोल लावू नका. ते आणखी आंबट असतं तर बरंच झालं असतं! चुकलं ते सोड्याचं माप. बेकिंग पावडरमध्ये सोडा असतोच, पण त्याच्या जोडीला कोरडं आम्ल आणि थोडा स्टार्च असतो. नुसता सोडा तिच्यापेक्षा कितीतरी जोरकस. एक चमचा पावडरीच्या जागी पाव चमचा सोडा पुरतो, म्हणजे तुम्हाला अर्ध्या चमच्याहूनही थोडा कमीच लागला असता. अर्धा कप दही साधारण पाव चमचा सोड्याला पुरं पडतं. उरलेल्या सोड्याचा ओव्हनच्या उष्णतेत चक्क धुण्याचा सोडा होतो. ती साबणाची चव त्याचीच, आणि रंगही त्यानेच गडद होतो.

पुढच्या वेळी अर्धा कप आंबट दही, एक चमचा लिंबाचा रस आणि सोडा अर्ध्या चमच्याला किंचित कमी, असं घ्या. चमचा मापाचा, ५ मिलीचा. चहाच्या चमच्यावर विसंबू नका. दही पातळ असेल तर दूध तेवढं कमी करा. सोडा मैद्यात चाळून घ्या. तो ओला झाला की लगेच फसफसायला लागतो, म्हणून ओव्हन १८० अंशांवर आधीच तापलेला हवा. मिश्रण भांड्यात ठेवून फोन घ्यायला जाऊ नका.

आता अंड्याविषयी. दही ओलावा देतं, मऊपणा देतं, पण अंडं उष्णतेने घट्ट होऊन केकला धरून ठेवतं, ते दह्याला जमत नाही. म्हणून असा केक पूर्ण गार झाल्याशिवाय कापू नका, नाहीतर भुगा होईल. आणि ज्या स्पंज केकचा सगळा फुगवटा फेटलेल्या अंड्यांवर असतो, तिथे दही घालायच्या भानगडीत पडूच नका. सासूबाईंसाठी मुळातच दह्यावर बेतलेला रव्याचा केक करा. मला तर तोच जास्त आवडतो.

प्रश्न : नानकटाईत तुपाऐवजी बटर चालेल का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : चालेल, पण ती खुसखुशीत होणार नाही. तूप जवळजवळ निव्वळ स्निग्ध असतं; बटरमध्ये सुमारे १६ टक्के पाणी असतं, शिवाय बाजारातलं नेहमीचं बटर खारट. घरात बटरच असेल तर ते मंद आचेवर कढवून तूप करा. १०० ग्रॅमचं साधारण ८० ग्रॅम होतं, तेव्हा त्या हिशेबाने जास्त घ्या. तूप गाळून रवाळ होईपर्यंत थिजू द्या, मगच पिठीसाखरेबरोबर फेसा.