वाचकांचे प्रश्न : राग नेमका कुठे अडवायचा?

प्रश्न : राग आला की आधी थांबावं, असं रोमन तत्त्वज्ञ सेनेका सांगतो. करून पाहिलं, पण भान येईपर्यंत बोलून झालेलं असतं. चुकतं कुठे?

उत्तर : तुम्ही थांबता, पण उशिरा. सेनेकाने नोव्हाटस या आपल्या भावासाठी रागावर तीन भागांचा ग्रंथ लिहिला. त्यात रागाच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिली आपोआप येते. अंगावर गार पाणी उडालं की शहारा येतो, तशी. ती कुणालाच टळत नाही आणि तो अजून राग नव्हे. दुसऱ्या पायरीवर मन निवाडा करतं : 'माझा अपमान झाला, याला शिक्षा व्हायला हवी.' तिसरीवर शिक्षा रास्त आहे का, हा प्रश्नच उरत नाही. कड्यावरून पडणाऱ्याला मध्येच मागे फिरता येत नाही, तशी ती अवस्था.

म्हणजे अडवायचं ते दुसऱ्या पायरीवर. आणि इथे बहुतेकांची आणखी एक चूक होते : ते मनाकडे समोरच्यासाठी लगेच क्षमा मागतात. तापलेलं मन ती देत नाही. सेनेकाचं म्हणणं, सुरुवातीला क्षमा मागूच नका, फक्त निवाडा मागा. हे मुद्दाम केलं की नकळत? मला दिसलं की कुणी येऊन सांगितलं? तोवर चेहरा सैल सोडा, आवाज खाली आणा, चाल मंद करा. बाहेरचं शांत झालं की आतलंही हळूहळू निवतं.

याला रोजच्या उजळणीची जोड हवी. रात्री दिवा मालवला, बायको बोलायची थांबली, की सेनेका सबंध दिवस तपासायचा. तपासणी अगदी नेमकी : अमक्या वादात जास्त तावातावाने बोललास, तमक्याला इतकं स्पष्ट सुनावलंस की तो सुधारला नाही, नुसता दुखावला. मग स्वतःला बजावायचं, 'पुन्हा करू नकोस, या वेळी माफ.' हा शेवटचा भाग गाळला, तर माणूस तपासणीच टाळू लागतो.

प्रश्न : मग सेनेकाचाच शिष्य, रोमन सम्राट नीरो, इतका क्रूर कसा निघाला?

उत्तर : याचं उत्तर त्याच ग्रंथात सापडतं, असं आम्हाला वाटतं. सम्राट ऑगस्टस वेदिउस पोल्लिओ या श्रीमंत रोमन माणसाकडे जेवत असताना एका गुलामाच्या हातून स्फटिकाचा पेला फुटला. त्याला तळ्यातल्या वामीसारख्या माशांपुढे टाका, असं यजमान म्हणाला. ऑगस्टसने गुलामाला सोडवलं, घरातले सगळे स्फटिकाचे पेले समोर फोडायला लावले आणि तळं बुजवलं. सेनेका सांगतो, संतापलेल्याला असं दरडावून आवरायला त्याच्याहून मोठा माणूस लागतो. इ.स. 54 मध्ये, 16व्या वर्षी नीरो गादीवर आला, तेव्हा त्याच्याहून मोठं कुणी उरलं नव्हतं. सेनेकाने त्याच्यासाठी दयेवर ग्रंथ लिहिला. 59 मध्ये नीरोने आईला मारवलं, आणि त्याचं समर्थन करणारं सिनेटला गेलेलं पत्र सेनेकाच्याच हातचं मानलं गेलं, असं इतिहासकार टॅसिटसने नोंदवलं आहे. 65 मध्ये नीरोच्या हुकमाने सेनेकाला स्वतःच्या शिरा कापून घ्याव्या लागल्या.