"आधी आहार करून बघते, मग गोळीचं बघू"

रक्ताच्या कॅन्सरचं निदान झालेल्या घरांतून एक प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्याकडे हमखास येतो. औषधं काय, ती कुठे पळून जात नाहीत. त्याआधी थोडे महिने आहारावर भर दिला तर काय बिघडलं? हे विचारणारी माणसं भोळी नसतात. बऱ्याचदा त्यांनी माझ्यापेक्षा जास्त वाचलेलं असतं.

वृंदाताईंनीही वाचलं होतं. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) वय पन्नाशीच्या आत. नेहमीच्या रक्ततपासणीत पांढऱ्या पेशी ८० हजारांच्या आसपास निघाल्या. एरवी त्या चार ते अकरा हजारांच्या दरम्यान असतात. पुढच्या तपासण्यांत क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे सीएमएल, असं निदान झालं. त्रास म्हणाल तर थोडा थकवा आणि जेवल्यावर डाव्या बरगडीखाली जडपणा. डॉक्टरांनी इमॅटिनिबची रोज एक गोळी लिहून दिली. पाकिटं घरी आली आणि कपाटात गेली.

दीडेक महिन्याने मुलगी त्यांना घेऊन आली ती तक्रार करतच. "तुम्हीच समजवा आता आईला. साखर बंद, धान्य बंद, दिवसभर रस आणि कसल्या कसल्या पुड्या. गोळीला मात्र हात लावत नाही."

समजवायचं काम मी घेतलं नाही. घरात समजवणारे भरपूर होते आणि त्याचा परिणाम दिसतच होता. मुलीला थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं आणि वृंदाताईंना विचारलं, "गोळी घेतली तर काय होईल असं वाटतं तुम्हाला?"

"घेतली की मी पेशंट झाले," त्या म्हणाल्या. "आणि एकदा सुरू केली की मरेपर्यंत सुटका नाही."

मग हळूहळू बाकीचं आलं. थोरल्या बहिणीची केमो त्यांनी जवळून पाहिली होती. बहीण गेली. तेव्हापासून 'कॅन्सरचं औषध' म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर तेच उभं राहायचं. इमॅटिनिब ही त्या अर्थाने केमो नाही, तिच्याने सहसा केस जात नाहीत, बहुतेक लोक गोळी घेत नोकरी-व्यवसाय करतात, हे डॉक्टरांनी सांगितलंही होतं. निदान ऐकल्यावर पहिल्या दहा मिनिटांत सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहतं? रसाचं तसं नव्हतं. तो स्वतः करायचा, स्वतः प्यायचा. सगळं हातातून निसटत असताना तेवढी एक गोष्ट त्यांच्या ताब्यात होती. आहाराकडे वळणाऱ्या बहुतेकांच्या मुळाशी मला हेच सापडतं, आणि ते हसण्यावारी नेणाऱ्या नातेवाइकांचा मला राग येतो.

आणखी एक गोष्ट होती: दिरांच्या ओळखीचे एक गृहस्थ. "त्यांना ब्लड कॅन्सर होता. आठ वर्षं झाली. औषधाचा एक कण घेतला नाही, नुसता आहार बदलला. आजही ठणठणीत आहेत." यावर वाद घालण्यात अर्थ नसतो, कारण माणूस खरंच ठणठणीत असतो. मी एवढंच सुचवलं की त्यांच्या रिपोर्टवर आजाराचं पूर्ण नाव काय आहे ते विचारून या.

नाव निघालं सीएलएल, क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया. एका अक्षराचा फरक, पण आजार पूर्ण वेगळा. सीएलएल सुरुवातीच्या टप्प्यात असेल आणि त्रास नसेल, तर डॉक्टर स्वतःहूनच औषध देत नाहीत. ठरावीक काळाने तपासत राहतात. साधारण एक तृतीयांश रुग्णांना कधीच उपचार लागत नाहीत. म्हणजे त्या गृहस्थांनी औषध नाकारलेलंच नव्हतं, त्यांना ते द्यायची वेळच आली नव्हती. ते खोटं बोलत होते असं मी म्हणणार नाही. आठ वर्षं पथ्य पाळलं, आठ वर्षं बरे राहिले. श्रेय पथ्याला देणारच. पण त्यांचा अनुभव वृंदाताईंच्या उपयोगाचा नव्हता.

म्हणून 'काय बिघडलं' याचं एकच उत्तर देता येत नाही. तीव्र ल्युकेमियात काही आठवड्यांची दिरंगाईसुद्धा जिवावर बेतू शकते. त्यातला एपीएल (अक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया) हा प्रकार तर इतका रक्तस्राव घडवतो, की अंतिम रिपोर्टची वाट न बघता नुसत्या संशयावर औषध सुरू करतात. वेळेत सुरू झालं तर हाच प्रकार बरा होण्याची शक्यता सर्वांत चांगल्यांपैकी असते. सीएमएलची गोष्ट उलटी. तो फसवतो. उपचारांशिवायही सुरुवातीला माणूस बराच काळ धडधाकट वाटतो, आणि नेमकं त्याच काळात जे काही खाल्लं-प्यायलं त्याला यश मिळाल्यासारखं दिसतं. पुढे आजार तीव्र टप्प्यात गेला, की हीच गोळी पूर्वीइतकी उपयोगी पडत नाही. तीन महिने थांबायचं की नाही हे आपण ठरवतोय असं वृंदाताईंना वाटत होतं. मी त्यांना म्हटलं, हा प्रश्न डॉक्टरांना जसाच्या तसा विचारा: निर्णयासाठी माझ्याकडे किती वेळ आहे, आणि तो वाया गेला तर नेमकं काय होईल?

"पण मला बरं वाटतंय," त्या म्हणाल्या. "वजन पाच किलो उतरलं." सीएमएलमध्ये वजन आपोआपही उतरतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मी ताजी रक्ततपासणी करून घ्यायला सांगितलं. आहार काम करत असेल तर त्याच आकड्यांत दिसायला हवं, एवढं त्यांनाही पटलं. पेशी १ लाख २० हजारांच्या पुढे गेल्या होत्या.

समुपदेशकाने बाजू घेऊ नये असं आम्हाला शिकवतात. निर्णयाच्या बाबतीत मी ते पाळते. गोळी घ्यायची की नाही हे वृंदाताईंनीच ठरवायचं होतं. माहितीच्या बाबतीत मात्र मी बाजू घेते. आहाराने सीएमएल आटोक्यात येत नाही, हे मी त्यांना सरळ सांगितलं. का येत नाही, हेही. अस्थिमज्जेतल्या एका पेशीत ९ आणि २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते, त्यातून बीसीआर-एबीएल हे जोडजनुक तयार होतं आणि पेशीला 'वाढ' असा हुकूम देणारं बटण दाबलेल्या अवस्थेत अडकून बसतं. या अदलाबदलीत आखूड झालेलं २२ क्रमांकाचं गुणसूत्र फिलाडेल्फियातल्या दोन संशोधकांना १९६० साली दिसलं. ते बटण सोडवणारी गोळी बाजारात यायला २००१ साल उजाडलं. पहिल्या मोठ्या चाचणीत इमॅटिनिब सुरू केलेल्यांपैकी दहा वर्षांनी सुमारे ८३ टक्के हयात होते.

साखरेचा मुद्दा आलाच. कॅन्सरच्या पेशी ग्लुकोज भराभर वापरतात हे खरं आहे. ऑटो वारबुर्ग यांनी १९२०च्या दशकात ते दाखवलं आणि पेट स्कॅन त्याच तत्त्वावर चालतो. पण साखर सोडली म्हणून रक्तातलं ग्लुकोज संपत नाही, यकृत ते तयार करत राहतं. उपाशी राहतो तो माणूस.

"बरं, पण जीवनसत्त्वांनी काय बिघडणार? नैसर्गिक तर आहेत." हे वाक्य दिरांचं होतं, म्हणताना त्यांचाच सूर लागला होता. त्यावर मी वृंदाताईंना सिडनी फार्बर यांची गोष्ट सांगितली. १९४०च्या दशकात बोस्टनमध्ये ल्युकेमियाच्या मुलांवर उपचार करणारे हे डॉक्टर. फोलिक आम्ल हे जीवनसत्त्व काही प्रकारच्या रक्तक्षयात गुणकारी ठरलं होतं, तेव्हा या मुलांनाही त्याच्या कुळातली संयुगं देऊन बघावीत असं ठरलं. आजार उलट वेगाने वाढताना दिसला. फार्बरनी त्यातून नेमका उलटा विचार केला: फोलिक आम्ल पेशींना वाढवत असेल, तर ते अडवणारं काहीतरी द्यावं. ती द्रव्यं येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने लेडर्ली प्रयोगशाळेत बनवली. १९४८ साली फार्बरनी १६ मुलांची हकिगत प्रसिद्ध केली; त्यातल्या दहांमध्ये आजार तात्पुरता मागे हटला होता. त्याच कुळातलं मेथोट्रेक्सेट लहान मुलांच्या ल्युकेमियात आजही वापरतात, आणि सगळ्या सोयी असलेल्या देशांत त्या मुलांपैकी सुमारे ९० टक्के आज वाचतात. म्हणजे रक्ताला चांगलं म्हणून दिलेल्या जीवनसत्त्वानेच पहिल्या औषधाची वाट दाखवली, पण ती त्याला अडवून.

वृंदाताई बराच वेळ गप्प होत्या. मग विचारलं, "नुसता आहार किंवा तसलं काही करणाऱ्यांचं पुढे काय झालं, हे कुणी मोजलंय का?" चांगला प्रश्न. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत नेहमीचे उपचार सोडून फक्त पर्यायी उपचार घेतलेले २८१ कॅन्सररुग्ण होते. त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे अडीचपट आढळला. ते स्तन, फुप्फुस, प्रोस्टेट आणि मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे रुग्ण होते, रक्ताच्या नव्हेत. हेही मी सांगितलं, कारण सोयीचा आकडा ओढून-ताणून लावला की समोरच्याला तो कळतोच.

गोळी त्याच आठवड्यात सुरू झाली. सुटका नाही ही भीती डॉक्टरांशी बोलल्यावर थोडी ओसरली: काही वर्षं आजार अगदी खोलवर दबलेला राहिला तर देखरेखीखाली गोळी थांबवून बघता येते, आणि अशांपैकी जवळपास निम्म्यांना ती पुन्हा लागत नाही. त्या भेटीला जाताना घरातल्या सगळ्या पुड्या-बाटल्या पिशवीत घालून न्या, असं मी सांगितलं होतं. डॉक्टर ओरडतील म्हणून त्यांनी हे सगळं लपवलं होतं. बहुतेक जण लपवतात. डॉक्टर ओरडले नाहीत. हिरव्या चहाच्या अर्काच्या आणि कर्क्युमिनच्या तीव्र गोळ्या बंद केल्या, कारण दोन्हींनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत आणि उद्या यकृताचे आकडे बिघडले तर दोष कुणाचा हे कळणार नाही. ग्रेपफ्रूटने इमॅटिनिबचं रक्तातलं प्रमाण वाढू शकतं आणि सेंट जॉन्स वर्ट या वनस्पतीने ते घटतं, म्हणून दोन्ही वर्ज्य. मायलोमा या रक्ताच्या दुसऱ्या कॅन्सरवरच्या बोर्टेझोमिब या औषधाचा परिणाम हिरव्या चहातला एक घटक रोखतो, असंही प्रयोगशाळेत आणि उंदरांवर दिसलेलं आहे. खाण्यापिण्याचा औषधाशी काही संबंध नाही असं म्हणणारेही म्हणूनच चूक असतात.

धान्य परत सुरू झालं. इमॅटिनिब जेवणासोबत आणि भरपूर पाण्याबरोबर घ्यायची असते, नाहीतर मळमळतं. त्यामुळे जेवणाच्या वेळा सांभाळणं हे त्यांचं काम झालं आणि ते त्या चोख करतात. ताज्या भाज्यांचा रसही ठेवला, स्वच्छ धुऊन. केमोमुळे पांढऱ्या पेशी फार उतरल्या असत्या तर कच्च्या रसाबद्दल डॉक्टरांना विचारूनच काय ते ठरवावं लागलं असतं.

तीन महिन्यांनी बीसीआर-एबीएलचं प्रमाण १० टक्क्यांच्या खाली असावं लागतं. त्यांचं ४ च्या आसपास आलं. दीर म्हणाले, रसाचा गुण. वृंदाताईंनी मला विचारलं, काय उत्तर देऊ? मी म्हटलं, नका देऊ. गोळी चुकत नाही तोवर श्रेय कुणाला जातं याने फरक पडत नाही. गोळी आठवड्यातून दोनदा चुकायला लागली तर मात्र पडतो. सीएमएलमध्ये अपेक्षित परिणाम न दिसण्याचं एक मोठं कारण चुकलेले डोस हेच असतं.

हे वाचणाऱ्यांत कुणी औषध सोडून आहाराकडे गेले असतील, आणि आता कोणत्या तोंडाने परत जाऊ म्हणून थांबले असतील, तर जा. रक्तविकारतज्ज्ञांसाठी हे नवं नसतं. जुने रिपोर्ट न्या, जे जे घेतलं त्याची यादी न्या, आणि गोळी किती काळ घेतली नाही हे खरं सांगा. आजार कोणत्या टप्प्यात आहे हे पुन्हा तपासून मगच पुढचं औषध ठरतं.